पुलावरचा वारा

९ फेब्रुवारी

तांबडे सरकार यांस निळ्या बाजूचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असणार, कारण धाकटीचा ताईला दर आठवड्याला फोन येतो आणि दोघी बहिणी तासभर बोलतात. त्यात तुझ्यासाठी दोन-तीन वाक्यं खर्ची पडतात: दवाखान्यात गर्दी आहे, गुडघा कुरकुरतोय, स्वभाव होता तसाच आहे. मी चोरून ऐकत नाही. ताई मोठ्याने बोलते, त्याला मी काय करू?

अक्षर बघून दचकला असशील. अक्षर ताईचं, मजकूर माझा. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहून घेतेय. तिची एकच अट आहे. मधे काही बोलावंसं वाटलं तर ती कंसात लिहिणार आणि मी ते खोडायला लावायचं नाही.

(नमस्कार डॉक्टर. मी कंसातली. बायकोची थोरली बहीण म्हणजे तुमची आकडसासू, तेव्हा एवढा मान मला असायला हरकत नाही. यांनीही मला एक अट घातली आहे. काही गोष्टी कंसातसुद्धा लिहायच्या नाहीत. मी हो म्हटलंय.)

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू पहिल्या वाक्याला भडकतोस आणि मी दुसऱ्याला. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं. रागाने फाडलंस तरी तुकडे जुळवून वाचशील. तुटक्या दातांवर हयात घालवलेला माणूस तू.

मुद्दा वाऱ्याचा आहे.

ताई म्हणते, पहिल्यापासून सांगा, दोन वर्षांत डॉक्टरांच्या डोक्यात त्या भांडणाचं काय झालं असेल कोण जाणे. तर पहिल्यापासून. लोकांचे साडू लग्नकार्यात एकमेकांशेजारी अवघडून बसतात आणि पंख्याच्या वेगाबद्दल बोलतात. आपण दोघांनी तीस वर्षं आमच्या मागच्या खोलीत शिशाचे शिपाई ओतले. लहान-मोठे पुष्कळ देखावे केले, पण सगळ्यांत मोठा हा पुलाच्या लढाईचा. नदीच्या अलीकडे निळे, पलीकडे तांबडे, मधे दगडी पूल. दोनशे वर्षांपूर्वीची एका दुपारची लढाई, जिला इतिहासाच्या जाड पुस्तकातही दीड ओळ मिळते. जमीन तू केलीस, दातांच्या साच्यांना वापरतोस त्या प्लास्टरची. नदी, पूल आणि झाडं मी केली. निळे माझे, तांबडे तुझे. डोळे तेवढे दोन्ही सैन्यांचे मी रंगवायचो, कारण तू रंगवलेला प्रत्येक शिपाई खुर्चीत बसून तुझ्या हातातली सुई बघितल्यासारखा दिसायचा.

देखावा पुरा होत आला. पुलावरची तुकडी तेवढी रंगवायची राहिली होती. तेवढ्यात ताईने फडकं मारताना विचारलं, "अहो, हा वारा नक्की कुठून येतोय?"

(विचारलं खरं. त्यात माझं काय चुकलं? निळ्यांची निशाणं मागे उडत होती, तांबड्यांच्या तोफांचा धूरही मागे जात होता. दोन्हीकडचं सगळं पुलापासून लांब पळत होतं. मी म्हटलं, पुलाला गॅसेस झालेत का?)

तिथून पेटलं. माझ्याकडे आमच्या कप्तानाच्या आठवणी होत्या. त्याने स्वच्छ लिहिलंय, वारा समोरून येत होता, धुराने काही दिसेना. तुझ्याकडे तांबड्यांच्या तोफचीने बायकोला लिहिलेलं पत्र होतं. त्यानेही लिहिलंय, धूर आमच्याच तोंडावर येत होता, आम्ही अंदाजाने गोळे टाकत होतो. दोघांच्याही तोंडावर. आपण दोघांनी आपापला माणूस खरा धरला आणि आपापली बाजू सजवली. मी निशाणं वळवली, तू कापूस पिंजून धूर लावलास. एकाच फळीवर, एकाच खोलीत, समोरासमोर बसून. आणि वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

तू म्हणालास, "हरलेला माणूस वाऱ्याला दोष देतो." मी म्हणालो, "जिंकलेल्याला निदान आपला धूर कुठे जातोय ते दिसायला हवं." त्यापुढचं ताईला लिहायला सांगत नाही. शेवटी तू तुझे तांबडे उचललेस, दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये कापसावर निजवलेस आणि निघालास. दारातून म्हणालास, "आता बसा एकटेच वारा खात."

तेव्हापासून माझे निळे पलीकडच्या रिकाम्या काठावर गोळ्या झाडतायत.

आता नवी बातमी. गेल्या आठवड्यात परसातला पाचोळा जाळायला काढला. एक ढीग ताईने तिच्या टोकाला केला, एक मी माझ्या टोकाला. दोघांनी एकदमच काडी लावली. थोड्या वेळाने ती खोकत ओरडली, "अहो, तुमचा धूर इकडे येतोय!" मी म्हटलं, "माझा कुठला? तुझाच इकडे येतोय!" डोळे चुरचुरत होते, दोघंही एकमेकांना दोष देत होतो. नाक पुसता पुसता माझं लक्ष दोरीवरच्या चादरीकडे गेलं. चादर सरळ खाली लोंबत होती. कोपरासुद्धा हलत नव्हता.

वारा पडला होता, सरकार. मुळी वाराच नव्हता. ज्याचा धूर त्याच्याच डोळ्यांत.

(आणि मग हे काठी टाकून "वाराच नव्हता, वाराच नव्हता" करत आत धावले. ढीग मी विझवला.)

तुझा तोफची खरं बोलला आणि माझा कप्तानही. वारा नसला की बंदुकीचा धूर झाडणाऱ्याच्याच पुढ्यात पडद्यासारखा उभा राहतो. प्रत्येकाला वाटतं, समोरून आला. म्हणजे तुझा कापूस चुकला आणि माझी निशाणंही चुकली. माझी सगळी निशाणं काढून लोंबती करायला हवीत. तुझा धूर मागे न नेता तोफांच्या तोंडाशीच थांबवायला हवा. दोघांनाही काम आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आणि आता याला तारीखही आहे. शहराच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर नवं दालन होतंय. ग्रंथपाल बाई देखावा बघायला घरी आल्या होत्या. फळीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "दुसरी बाजू कुठाय?" मी म्हटलं, "रुसलीय." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्धी लढाई मी काचेत कशी ठेवू? लोक विचारतील, हे लढतायत कोणाशी?" एप्रिलच्या शेवटापर्यंत पुरी लढाई मिळाली तर ती दालनाच्या मध्यभागी. नाहीतर त्या जागी जुन्या नाण्यांचं कपाट येणार.

तेव्हा तांबडे घेऊन ये. पण आधी वाऱ्याचं मान्य कर. मान्य नसेल तर येऊ नकोस, कळव, आपण वाद घालू. उगीच बरं दिसावं म्हणून हो म्हणून आलास तर मला चालणार नाही.

बाकी दिनक्रम तोच. सकाळी फिरून येतो. हल्ली चहा पेल्यातून घेतो. कपबशीचा आवाज नको वाटतो.

(पेला अर्धाच भरायचा असतो.)

धाकटीला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला, तो वाकत असेल तर, नमस्कार.

निळा

---

२६ फेब्रुवारी

तांबडे सरकार,

तुझं पत्र पोचलं. औषधं लिहून द्यायच्या कागदावर दोन ओळी, त्याही अशा अक्षरात की ताईला वाटलं गोळ्यांचीच नावं आहेत. तिने ते औषधांच्या दुकानात दाखवायला नेलं असतं.

(मी गंमत केली होती. यांनी खरं मानलं.)

तू लिहितोस: "वारा होता. तुमच्याच कप्तानाची टोपी उडून नदीत पडली, तोच लिहितो. नदी त्याच्या पुढे होती. म्हणजे वारा त्याच्या पाठीमागून, आमच्या तोंडावर. चष्मा अजून आला नाही?"

टोपीचं मी विसरलो होतो, हे कबूल. बरोबर जागी बोट ठेवलंस, किडका दात सापडावा तसं. दोन दिवस मी त्या टोपीपायी जेवताना बोललो नाही.

(तीन.)

मग पुस्तक पुन्हा काढलं आणि ताईकडून ते पान वाचून घेतलं. कप्तान लिहितो, "माणसांना धीर देण्यासाठी मी मागे वळलो, त्याच वेळी माझी टोपी उडून नदीत पडली." आता मला सांग, वारा नसताना टोपी केव्हा उडते? माणूस पळतो तेव्हा. आणि पळणाऱ्याची टोपी कुठे पडते? त्याच्या मागे. टोपी नदीत पडली, म्हणजे नदी त्याच्या मागे होती. मग त्याचं तोंड कुठे होतं, सरकार? घराकडे.

माझा कप्तान पळत होता. हे मला माझ्या तोंडाने सांगावं लागतंय आणि तुला वाचताना किती गुदगुल्या होत असतील ते मला इथून दिसतंय. ज्या माणसासाठी मी तुझ्याशी दोन वर्षं बोललो नाही, तो धीर द्यायला नव्हे, जीव घेऊन निघाला होता. तरी मी म्हणतो, वारा नव्हता. माझा कप्तान गेला तरी चालेल, वारा मी देणार नाही.

फळीवर तो तलवार उपसून पुलाच्या तोंडाशी उभा होता, तुला आठवत असेल. त्याच्या पायाखालचा खिळा काढून तोंड फिरवून घेतलं. टोपी काढायची राहिलीय.

(खिळा मी काढला. चिमट्याने. माझा पहिलाच कप्तान.)

आता दुसरं. पुलावरची तुकडी अजून बिनचेहऱ्याची आहे. ते काम या वेळी तू करावंस असं माझ्या मनात आहे. घाबरू नकोस. तुला डोळे जमत नाहीत, कारण मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचास आणि मी म्हणायचो, सवयीने येतं. सवयीने बोडक्याचं येतं! त्याला रीत आहे. ती आता सांगतो, ताई लिहून घेतेय.

पहिलं म्हणजे, आधी डोळे, मग चेहरा, मग डगला. तू डोळे शेवटी करतोस, छान रंगवलेला चेहरा बिघडेल म्हणून हात आखडतो. आधी केलेस की बिघडायला काही नसतंच. चुकलं तर पुसून पुन्हा.

खूप बारीक ब्रश घेऊ नकोस. मी तुझ्यादेखत नेहमी तो तीन केसांचा ब्रश हातात धरायचो, पण काम त्याने करत नव्हतो. त्याच्या टोकावर यायच्या आत रंग वाळतो. जरा पोट असलेला, पण टोक शाबूत असलेला ब्रश घे. पोटात रंग ओला राहतो.

आधी खोबणीत गडद तपकिरी भर. त्यावर पांढरी रेघ, खोबणीपेक्षा थोडी आखूड, म्हणजे कडेने तपकिरी उरतं आणि पापण्या आपोआप होतात. मग ठिपका. ठिपका मधोमध ठेवलास की शिपाई दचकतो. तो वरच्या पापणीला चिकटला पाहिजे. आणि दोन्ही ठिपके एकाच बाजूला थोडे सरकवायचे, म्हणजे तो कशाकडे तरी बघतोय असं वाटतं. सगळ्यांना समोर बघायला लावू नकोस. लढाईत समोर थोडेच बघतात. कोणी शेजाऱ्याकडे बघतो, कोणी बुटांकडे.

अवघड डोळा आधी करायचा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला शिपायाचा एक डोळा सोपा जातो, एक नडतो. सोपा आधी केलास तर नडणारा त्याच्याशी जुळवता जुळवता पहाट होते. नडणारा जसा होईल तसा होऊ दे, सोपा त्याच्याशी जुळव.

दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची. ब्रश श्वास सोडताना लावायचा, घेताना नाही. आणि खरी गोष्ट ही: ब्रश शिपायाकडे न्यायचा नाही, ब्रश जागीच ठेवून शिपाई ब्रशकडे आणायचा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नकाशे काढायच्या कचेरीत माझ्या साहेबांनी मला सांगितलं होतं, कागद पेनाकडे ओढायचा म्हणून, आणि तेही कोणाला सांगू नकोस म्हणाले होते.

(मलाही नाही सांगितलं हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकतेय. परवा यांनी मला एक शिपाई हातात दिला आणि शेजारी बसून सगळं असंच सांगितलं. मी केला. त्याचा एक डोळा खिडकीकडे बघतो, एक घड्याळाकडे. हे म्हणाले, राहू दे, टेहळणीवर ठेवू.)

तू एक करून बघ. तुझ्याकडे तांबड्यांचा निशाणवाला आहे, त्याचे डोळे मी केलेले आहेत ते पुसून टाक आणि तुझे कर. तुझा हात माझ्याइतकाच चांगला आहे. माणसाच्या तोंडात, तो कण्हत असताना, जीभ मधे आणत असताना, तू काम करतोस. शिशाचा शिपाई तर जागचा हलत नाही.

चष्म्याचं विचारलंस. दुकानदाराकडे काचा यायच्यात.

(यावर मला काही लिहायचं नाही.)

वाऱ्याबद्दल लवकर कळव. ग्रंथपाल बाईंचा कालच निरोप आला. त्यांनी नाण्यांच्या कपाटाचं माप घेऊन ठेवलंय, म्हणाल्या, सहज आपलं.

निळा

---

१७ मार्च

तांबडे सरकार यांस सलाम.

पार्सल काल मिळालं. कवळीच्या डबीत शिपाई पाठवायची कल्पना तुलाच सुचू शकते. ताईने डबी उघडायला नकार दिला.

(कोणाची कवळी आहे काय माहीत, म्हटलं.)

निशाणवाला फळीवर नदीपलीकडे उभा केलाय. रिकाम्या काठावर तो एकटाच आहे, पण त्याने निळ्यांना समोर कोणीतरी मिळालं. आधी निशाणाबद्दल. दाताच्या एक्स-रेच्या पाकिटातला तो शिशाचा पातळ पत्रा वापरलास, आपण पूर्वी वापरायचो तोच. दोन घड्या घालून काठीला बिलगवलास आणि खालचं टोक बारीक मुडपलंस. निशाण अगदी मेल्यासारखं लोंबतंय. बरोबर चिठ्ठी नव्हती. नकोच होती. दोन वर्षांच्या भांडणात तू एवढं नेमकं कधी बोलला नव्हतास.

कापूस काढलास का ते कळव. तोफांच्या तोंडाशी लावताना राखेचा हात दे, पांढराशुभ्र ठेवू नकोस, नाहीतर तोफांना दाढी फुटल्यासारखी दिसते.

आता डोळे. चष्म्याशिवाय जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

(चांगलं दिसलं. भिंग लावून, उजेडात नेऊन, अर्धा तास.)

डावा उत्तम. पापणीला चिकटलाय, कडा राहिलीय. उजवा किंचित बारीक झाला, पण तो सूर्याकडे तोंड करून उभा आहे, तेव्हा चालेल. नाही, चालेल असं म्हणून भागणार नाही. चांगलं झालंय. तो कुठे बघतोय याचा मी विचार करत होतो. त्याची नजर पुलावर नाही, निळ्यांवर नाही. पुलाच्या जरा खाली, पाण्यात बघतोय. टोपी बघतोय ना तो? आमच्या कप्तानाची?

मी मोठ्याने हसलो. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, डॉक्टरने टोपी बघितली. तिला काही कळलं नाही, तरी तीही हसली.

(मला कळलं होतं. टोपी मी स्वतःच, मागचं पत्र टाकल्यावर, नदीत चिकटवली होती. यांना म्हटलं, बघा, पाण्यातही मीच उतरले.)

म्हणजे पुलावरची तुकडी तुलाच करायची आहे, हे आता नक्की. नदीतला पाण्याचा थर मी पूर्वीच ओतलाय, पण टोपीभोवती दोन तरंग हवेत. ते तू आलास की बघू. बाकीची निळी निशाणं ताई आणि मी मिळून काढतोय. ती काढते, मी कुठलं काढायचं ते सांगतो. ग्रंथपाल बाईंना मी कळवलंय की एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरी बाजू येतेय. त्यांनी विचारलं, "रुसवा गेला का?" मी म्हटलं, "वारा पडला." त्या म्हणाल्या, "म्हणजे?" मी म्हटलं, "काचेवर पाटी लावा, त्यात सगळं लिहून देतो."

पाटीवर काय लिहायचं तेही ठरवून ठेवलंय. लढाईची तारीख, नदी, दोन्ही बाजूंची संख्या, आणि खाली एक ओळ: "त्या दुपारी वारा नव्हता." आपली नावं नकोत. असली तर दोघांची एकत्र, आधी तुझं.

तू येशील तेव्हा मागच्या खोलीत झोपायची सोय केलीय. फळीच्या कडेला गुडघा आपटू नकोस. धाकटीला घेऊन ये. दोघी बहिणी फोनवर जे बोलतात ते समोरासमोर किती वेळ पुरतं ते बघायचंय.

आता ताई म्हणते, पुढचं मी लिहिणार नाही.

(नाही लिहिणार. डॉक्टर, तुम्ही धाकटीकरवी मला विचारलंत, चष्म्याचं दुकान कोणतं, मी येताना घेऊन येतो. मला दुकानाचं नाव सांगता येत नाही. मी दिलेला शब्द पाळलाय, कंसातही काही लिहिलं नाही. पण आता वाद मिटलाय, वारा मिटलाय. आता पेन यांच्या हातात देते आणि आत जाते. वेळ लागेल, पण लिहितील.)

हे मी लिहितोय.

अक्षर बघ. कचेरीत नकाशांवर गावांची नावं माझ्या अक्षरात छापायचे.

चष्मा नाकावर आहे. तो कधी मोडलाच नव्हता.

हे हाताचं गेल्या उन्हाळ्यापासून आहे. उजव्या हाताला जास्त. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या आहेत. वाढणार, पण हळूहळू, म्हणतात.

आधी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडी काढून आला असतास. वाऱ्यावर एक शब्द बोलला नसतास. म्हणाला असतास, तुमचंच खरं. मला ते नको होतं. मला तू वादात काढलेली टोपी हवी होती.

माझा ब्रश डाव्या खणात आहे. पोट असलेला. तो तू घे.

खिडकी बंद आहे. पंखा बंद आहे. दोरीवरची चादर सरळ आहे. इथे वारा अजिबात नाही, हे तुला मान्य आहे. तरी खालची सही हलतेय, ती बघ, आणि आलास की त्यावर काही बोलू नकोस.

तुझा साडू,
निळा